हंगयांगची मुलगी, पंढरपूरचं घर आणि वयाचा हिशोब

एप्रिल 2019. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता. पंढरपूरहून एक आई आणि तिची लेक माझ्या पुण्यातल्या घरी आल्या. आईच्या पर्समध्ये होणाऱ्या सुनेच्या चिनी पासपोर्टची झेरॉक्स होती, चार घड्या घातलेली. जन्मतारखेभोवती निळ्या पेनानं गोल केला होता: 20 जानेवारी 1990.

"ताई, या कागदाप्रमाणे एकोणतीस भरतात. तिच्या आईनं फोनवर एकतीस सांगितलं. माझा मुलगा सव्वीसचा. मुलगी तीन वर्षांनी मोठी, एवढं आम्ही कसंबसं गिळलं होतं. आता पाच निघाली. वय मोठं असलं तर असो, पण फसवणूक नको. खोटं कोण बोलतंय, तेवढं विचारून द्या."

मी पुण्यात चिनी शिकवते आणि दुभाषाचं काम करते. कामं बहुतेक यंत्रांच्या खरेदीची, कारखान्यातल्या उभारणीची. त्या दिवसापासून पुढचे सहा-सात महिने मी या लग्नाच्या बोलणीत होते आणि नंतरही संबंध राहिला. दोन्ही घरांनी लिहायला होकार दिला आहे, नावं मात्र मी देत नाही. भारतीय-चिनी जोड्यांचा विषय निघाला की भाषा, खाणं आणि वय या तीन अडचणी हमखास सांगतात. या घरात तिन्ही आल्या. पण प्रत्येक अडचण चिघळली ती दोन्ही घरांचं बोलणं इंग्रजीतून फिरून आल्यामुळे. मराठी आणि चिनी थेट समोरासमोर बसवल्या तेव्हा बरंचसं सुटलं. सगळं नाही.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, जन्म ऑगस्ट 1992 चा. कंपनीनं 2016 मध्ये त्याला छांगशाला पाठवलं. हूनान प्रांताची ही राजधानी बांधकामाच्या अवजड यंत्रांसाठी चीनभर ओळखली जाते. मुलगी तिथेच निर्यातीच्या कामात होती. तिचं माहेर हंगयांग, त्याच प्रांतात आणखी दक्षिणेला. मुलाचं घर वारकऱ्यांचं. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. दोघं एकमेकांशी बोलत ते अर्धं त्याच्या चिनीत, अर्धं तिच्या इंग्रजीत, आणि त्यांचं त्यात छान चालत होतं. घरच्यांचा निरोप मात्र इकडून मुलाच्या बहिणीच्या आणि तिकडून मुलीच्या मामेभावाच्या इंग्रजीतून जायचा.

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मुलगी हसून म्हणाली, "आयी हाओ." मुलाच्या आईला ऐकू आलं 'आई'. त्यांचे डोळे भरून आले. न पाहिलेल्या घरातल्या मुलीनं पहिल्या शब्दात आई म्हणावं! चार दिवसांनी कुणीतरी इंटरनेटवर बघून सांगितलं की 'आयी' म्हणजे 'आँटी'. त्या दुखावल्या. मला हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. वयाच्या भानगडीपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं होतं असं मला अजून वाटतं.

'आयी' हा शब्द मावशीसाठीच्या 'यी' पासून आला आहे. मित्राच्या आईला, आईच्या वयाच्या बाईला चिनी मूल हाच शब्द लावतं. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तिनं तुम्हाला मावशी म्हटलं." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "मावशी होय? मग ठीक आहे. आँटी काय, कुणीही असतं."

इंग्रजी मध्ये आली की नेमकं हेच होतं. चिनीत काका दोन प्रकारचे, वडिलांपेक्षा मोठा 'पोपो' आणि धाकटा 'शूशू'. मामा 'च्योच्यो', आत्या 'कूकू'. आपल्याकडेही आत्या वेगळी, मावशी वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी. इंग्रजीत सगळ्यांचा अंकल-आँटी होतो. मामेभावानं एकदा कळवलं होतं की "अंकलला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही." पंढरपुरात दोन आठवडे चर्चा, की हा अंकल कोण, बापाचा शब्द का चालत नाही, काही देण्याघेण्याची भानगड आहे का. अंकल म्हणजे मुलीचा मामा होता! तिकडे म्हणच आहे, आकाशात गडगडाटाचा देव, जमिनीवर मामा. ज्यांच्याकडे नवरीला मामा बोहल्यावर आणतो, त्या माणसांना हे समजवावं लागत नाही. 'मामाला विचारायचंय' एवढे दोन शब्द पोचायला हवे होते.

एकतीस की एकोणतीस

आता वय. मी त्यांच्यासमोरच हंगयांगला फोन लावला. मुलीच्या आईला विचारलं की तुम्ही सांगितलेलं वय 'चौस्वे' का 'श्यूस्वे'. चौस्वे म्हणजे पूर्ण झालेली वर्षं, सरकारी कागदावरची. श्यूस्वे म्हणजे घरातलं वय. पलीकडून लगेच उत्तर आलं, "श्यूस्वे. मुलीच्या लग्नाचं बोलताना दुसरं कोणतं सांगणार?"

हा हिशोब मराठी माणसाला समजावणं मला सोपं गेलं, कारण निम्मा आपल्याकडे आहेच. आपण म्हणतो, पोराला सत्ताविसावं लागलं. चालू वर्ष धरतो. जुन्या चिनी रीतीतही जन्मल्या जन्मल्या मूल एक वर्षाचं, कारण त्याचं पहिलं वर्ष सुरू झालेलं असतं. फरक पुढे आहे. वाढदिवसाला वय वाढत नाही, नववर्षाला सगळ्यांचं एकदम वाढतं. मी म्हटलं, "समजा, गुढी उभारली की गावातल्या प्रत्येकाला एकेक वर्ष लागतं. मग पाडव्याच्या आधी आठ दिवस जन्मलेलं बाळ पाडव्याला दोन वर्षांचं होणार." ही मुलगी नेमकी तशीच जन्मली होती. 1990 चं चिनी नववर्ष 27 जानेवारीला सुरू झालं आणि तिचा जन्म 20 जानेवारीचा. आठवड्याची झाली तेव्हाच ती तिकडच्या हिशोबानं दोन वर्षांची होती. म्हणून 2019 मध्ये एकतीस.

मग बहिणीनं वही काढली आणि भावाचंही वय त्याच रीतीनं मोजलं. अठ्ठावीस. एकतीस वजा अठ्ठावीस, तीन. हंगयांगच्या लोकांनी पहिल्यापासून तीनच वर्षांचा फरक धरला होता. पंढरपूरनं तिचं वय त्यांच्या मापानं घेतलं आणि मुलाचं आपल्या मापानं, म्हणून पाच आले. खोटं कुणीच बोललं नव्हतं. लपवायचंच असतं तर त्या बाईनं लहान आकडा सांगितला असता, मोठा कशाला?

हंगयांगच्या आईनं मग आणखी काही सांगितलं, आणि ते मी शब्दन् शब्द मराठीत केलं. तिशीला आलेल्या बिनलग्नाच्या मुलीसाठी तिकडे 'शंगन्यू' हा शब्द वर्तमानपत्रांतूनही वापरला जातो. शंग म्हणजे ताटात उरलेलं, न्यू म्हणजे बाई. चार वर्षं ही आई शेजारणींचं बोलणं ऐकत होती. पंढरपूरच्या आई म्हणाल्या, "आमच्यात घोडनवरी म्हणतात. माझ्या नणंदेला म्हणायचे." दोन्ही शब्द सारखेच वाईट आहेत, आणि दोन्ही आयांना ते सोसावे लागले होते, एकीला लेकीसाठी आणि दुसरीला नणंदेसाठी.

पण मुलगी मोठी असण्याचं काय? ते दुःख हंगयांगला नव्हतंच. उलट त्यांच्याकडे म्हण आहे, "न्यू ता सान, पाओ चिन च्वान." बायको तीन वर्षांनी मोठी असली तर नवऱ्याच्या कवेत सोन्याची वीट. दोन नाही, चार नाही, बरोबर तीन. शिवाय प्राण्यांच्या बारा वर्षांच्या चक्रात ती सापाच्या वर्षातली, तो माकडाच्या, आणि साप-माकड ही तिकडे जमणाऱ्या सहा जोड्यांपैकी एक. तिकडच्या आजीनं फक्त एवढंच विचारून होकार दिला होता. तोच मुलगा सहा वर्षांनी मोठा असता तर पंढरपूर खूश झालं असतं आणि हंगयांगनं मोडता घातला असता, कारण सहा वर्षांच्या फरकानं समोरासमोर येणारे प्राणी एकमेकांना छेदतात असं मानतात.

ही म्हण मामेभावानंही आधी कळवली होती. इंग्रजीतून 'गोल्ड ब्रिक' असं आल्यावर इकडे वाटलं, सोनं मागताहेत की देताहेत? मी ती मराठीत सांगितली तेव्हा आईनं फोनचा स्पीकर चालू करून पंढरपूरला आजीला ऐकवलं. आजी नव्वदीला टेकलेल्या.

"काय म्हणाली ती? वीट?"

"हो आजी, वीट. सोन्याची."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग आजी म्हणाल्या, "विटेचं नाव घेतलं त्यांनी. माझं काही म्हणणं नाही."

पंढरपूरच्या घरात वीट म्हणजे काय हे मी वाचकांना सांगायला नको. हंगयांगच्या आईला मात्र सांगावं लागलं. पुंडलिकानं फेकलेली वीट, तिच्यावर उभा राहिलेला देव, अट्ठावीस युगं. तिनं विचारलं, "अजून उभा आहे?" मी म्हटलं, हो.

या एका शब्दानं आईंचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तिशी उलटल्यावर मूल कसं होणार ही काळजी त्यांना होतीच, आणि ती त्यांनी नंतर मुलीला स्पष्ट विचारली. मुलीनंही स्पष्ट उत्तर दिलं की मूल हवं आहे, पण घाई करणार नाही. तो संवाद भाषांतर करताना मला जड गेला. सून होणाऱ्या मुलीला हे चारचौघांत विचारणं मला पटलेलं नव्हतं आणि मी ते आईंना नंतर एकांतात बोलले.

रौ आणि सू

खाण्याचा तिढा आधीच, फेब्रुवारी 2019 मध्ये पडला होता. चिनी नववर्षाला मुलगा हंगयांगला गेला. त्यानं सांगितलं होतं, "मी 'रौ' खात नाही." रौ म्हणजे मांस, आणि बोलण्यात नुसतं रौ म्हटलं की बहुतेकदा डुकराचं. यजमानांनी मनापासून काळजी घेतली आणि मांसाचे तुकडे कुठे ठेवले नाहीत. पण कोबी परतला होता चरबीत, वांग्यावर सुकी कोळंबी होती, आणि मधोमध आख्खा मासा, कारण वर्षाच्या शेवटच्या रात्री मासा हवाच. मासा आणि शिल्लक यांचा चिनी उच्चार एकच, 'यू', आणि वर्षाअखेर घरात शिल्लक असावी. मुलीची आजी स्वतःच्या काड्यांनी त्याच्या वाटीत वाढत राहिली. तो दोन दिवस पांढरा भात आणि लाल मिरचीवर राहिला, पोट भरलंय म्हणत. आजीला वाटलं, पोराला आमचं घर आवडलेलं नाही. ती रडली.

शब्द चुकला होता. 'रौ नको' ही आवड झाली. व्रतासाठी शब्द आहे 'सू'. 'छृ सू' म्हणजे सात्त्विक खाणं, देवाधर्माचं. ही आजी स्वतः चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला सू खायची. हंगयांगजवळ नानयुए हा पवित्र डोंगर आहे, हूनानभरचे लोक तिथे उदबत्त्या घेऊन जातात. आजीही दरवर्षी जायची आणि जाण्याआधी अनेक दिवस सू पाळायची. बौद्धांच्या कडक सूमध्ये लसूण-कांदाही चालत नाही, आपल्या चातुर्मासासारखाच. एप्रिलच्या फोनवर मी म्हटलं, "मुलाचं घर जन्मभर सू खातं, त्यांची आजी देवाच्या डोंगराला नव्हे, देवाच्या नदीला जाते." पलीकडे एकदम गलका झाला. आजीची वेगळी कढई होतीच, सूच्या दिवसांची, मांसाला न लागलेली. पुढच्या खेपेला मुलाचं सगळं जेवण त्या कढईत झालं. लाल मिरच्या बारीक चिरून मिठात मुरवलेला 'त्वोच्याओ' त्यानं डबा भरून पंढरपूरला आणला. आईंनी चव घेतली, म्हणाल्या, ठेचाच की, फक्त आंबवलेला.

नवरात्रातला आठवडा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. तेव्हा मुलगी आईवडिलांना घेऊन पंढरपूरला आली आणि मीही गेले. घरात घट बसलेले, आजींचे नऊ दिवसांचे उपास.

दारात पाय धुवायला पाणी, मग तांब्या-भांडं पुढे आलं. माठातलं गार पाणी. मुलीच्या आईनं भांडं हातात घेतलं, ओठाला लावलं नाही, तसंच खाली ठेवलं. वडिलांनीही तेच केलं. मी बघत होते आणि सगळ्या खोलीचा चेहरा बदलला. ज्या घरी सोयरीक करायची त्या घरचं पाणी घेतलं नाही! सोलापूर जिल्ह्यात याचा काय अर्थ होतो ते मला माहीत होतं, आणि हे मी आधी दोन्हीकडे सांगून ठेवायला हवं होतं. ती माझी चूक.

चिनी माणसं उकळलेलं, गरम पाणी पितात. 'खायश्वे' म्हणतात. गार पाणी पोटाला मारक असं लहानपणापासून शिकवलेलं. हे मी सांगितलं तरी ताण उतरला नाही, तब्येतीचं कारण सगळेच देतात. मग मी म्हटलं, "बाळंतिणीला आपण गार पाणी देतो का? यांच्याकडे बाळंतीण महिनाभर बसते, 'च्वो युएत्स' म्हणतात. गार पाणी नाही, वारा नाही, डोकं बांधलेलं." आजी आतून म्हणाल्या, "आपल्यात सव्वा महिना. त्यांना ऊन पाणी द्या गं, त्यात ओवा टाका." ओव्याचं पाणी आलं. मुलीच्या आईनं ते दोन्ही हातांनी धरून सगळं प्यायलं.

भाकरीचीही गोष्ट झाली. वडिलांनी पीठ बोटांत घेऊन विचारलं हे कशाचं. मी सांगितलं, 'काओल्यांग', ज्वारी. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी बॅगेतून भेट म्हणून आणलेली बाटली काढली, पाय्च्यो, ज्वारीचीच दारू. तिकडे पिकणारी ज्वारी मुख्यतः त्यासाठीच जाते. माळकऱ्यांच्या घरात, घटाजवळ! मी हळूच चिनीत सांगितलं, बाटली परत बॅगेत गेली आणि घरच्यांना मी इतकंच म्हटलं की आमच्याकडेही हे धान्य मानाचं आहे असं ते म्हणतात. दुभाषानं गाळावं की नाही यावर पुष्कळ बोलता येईल. मी तेव्हा गाळलं आणि आजही गाळीन.

वडिलांना सोलापूरला जायचं होतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, त्यांच्यासाठी 'के दीहुआ'. सोलापूरचा हा डॉक्टर 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला, चिनी शिकला, त्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागला, 1941 मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारला. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलीच्या वडिलांना ही सगळी माहिती शाळेपासून पाठ. मुलाच्या वडिलांनी त्यांना गाडीनं स्मारकाला नेलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, मी मुद्दाम गेले नाही. संध्याकाळी दोघं परतले ते शेंगाचटणीची पाकिटं घेऊन.

एका बाबतीत मात्र मुलगी अडून बसली. लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहायचं म्हणून आईंनी नाव निवडलंही होतं. चीनमध्ये लग्नानंतर बाईचं नाव-आडनाव बदलत नाही. 1950 च्या विवाह कायद्यानंच नवरा-बायको दोघांना आपापलं आडनाव ठेवायचा हक्क दिला. तिला हे नाव काढून घेणं वाटलं, आणि तिचं बरोबर होतं. दोन दिवस घर घुम्यासारखं होतं. शेवटी ताटात तिचंच नाव देवनागरीत लिहायचं ठरलं, आणि ते मी बहिणीला कागदावर लिहून दिलं.

7 ऑक्टोबरला नवमी होती, खंडेनवमी. चिनी पंचांगात त्या दिवशी नवव्या महिन्याची नववी तिथी, छोंगयांग, म्हाताऱ्या माणसांना मान द्यायचा सण. आपल्यासारखाच चंद्राचा हिशोब, अधिक महिनाही आपल्यासारखाच, म्हणून असं जुळतं. त्या दिवशी वीचॅटवरून हंगयांगच्या आजीला फोन लावला. त्या बोलतात ती हंगयांगची बोली, मला धड कळत नाही. त्यांचं मुलीची आई प्रमाण चिनीत करी, ते मी मराठीत, आणि आजींचं उत्तर तसंच उलट. एका वाक्याला मिनिट लागे. हंगयांगच्या आजीनं विचारलं, "आज काय खाल्लं?" पंढरपूरच्या आजी म्हणाल्या, "भगर आणि दाण्याची आमटी. तुम्ही?" असं अर्धा तास, नुसतं काय खाल्लं.

डिसेंबर 2019 मध्ये पुण्यात विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदणी झाली आणि घरी छोटा समारंभ. चिनी रीतीप्रमाणे नवरीनं सासूसासऱ्यांना चहा द्यायचा आणि त्या क्षणापासून त्यांना आईबाबा म्हणायचं. बाबांना दोन्ही भाषांत बाबाच. आईला चिनीत 'मामा', ते इथे कसं म्हणणार? तिनं दुधाचा चहा पुढे केला आणि म्हणाली, "आई." या वेळी मराठीतलं.

महिन्याभरात साथ आली आणि ये-जा थांबली. 29 जून 2020 ला भारतानं 59 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. राजकारणाबद्दल मी इथे लिहीत नाही. मी त्या मुलीला पाहिलं आहे. रोज रात्री आजीचे बोलीतले निरोप ऐकायची ती, एकेक निरोप दोन-दोनदा. ते एका दिवसात गेले. सासरी सगळे प्रेमानं वागत होते, पण प्रेमानं बोलणं आणि आपल्या बोलीत बोलणं यात अंतर आहे, आणि ते अंतर कोणताही दुभाषा भरून काढत नाही. तिनं त्या दोन वर्षांत मराठी शिकली, माझ्याकडे नाही, आजींकडे. म्हणून तिची मराठी अजून 'ऊन पाणी' म्हणते, 'गरम पाणी' नाही.

मार्च 2021 मध्ये मुलगी झाली. मे 2023 मध्ये, चीनच्या सीमा उघडल्यावर, थेट विमान नव्हतं म्हणून हाँगकाँगवरून तिघं हंगयांगला गेले. तिथून त्यांनी पंढरपूरला आणि मला एकत्र व्हिडिओ कॉल लावला. पुण्याच्या शाळेचा फॉर्म भरायचा राहिला होता, बहीण इकडून विचारत होती, पूर्ण झालेलं वय काय लिहू. पोरीची आई म्हणाली, "दोन." पंढरपूरच्या आजींना ते पटलं नाही. "दोन काय? तिसरं लागलं की गं तिला." पडद्यावर हंगयांगची पणजी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि आमचं एक अक्षर न कळता कॅमेऱ्याकडे तीन बोटं दाखवत होती.